आजोबांच्या निळ्या-पांढऱ्या चिनी बरणीवर वटवाघळं आहेत, त्यातलं एक उलटं; शिवाय हरीण आणि कपाळ फुगलेला एक म्हातारा. तळाला दुहेरी वर्तुळात कांगशी बादशहाचं नाव आहे. घरात ठेवणं अशुभ आहे का? आणि बरणी खरंच ३०० वर्षांची असेल का?

खुशाल ठेवा. तुम्ही लिहिलंय त्या चित्रातली सगळ्यात शुभ गोष्ट ती वटवाघळंच आहेत. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की म्हातारी माणसं धसका घेतात हे खरं, पण बरणी चीनची असेल तर शकुनही तिथलेच बघायचे ना!

ही चित्रं बघण्यापेक्षा ऐकायची असतात. वटवाघळाच्या चिनी नावात 'फू' येतं आणि सौभाग्यालाही 'फू'च म्हणतात. लिहायची अक्षरं वेगळी, उच्चार एक. पाच वटवाघळं एकत्र असली तर ती पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरं जगून आलेलं मरण. हे पाचवं सुख यादीत घालणाऱ्याला माझा नमस्कार. तुमच्याकडचं एक वटवाघूळ उलटं आहे म्हणता, ती चित्रकाराची चूक नाही. 'उलटं' आणि 'आलं' हे शब्दही तिथे सारख्या आवाजाचे, म्हणून उलटं वटवाघूळ म्हणजे भाग्य घरी आलं.

हरणाचंही तसंच. हरीण 'लू' आणि सरकारी अधिकाऱ्याचा पगारही 'लू'. थोडक्यात, पोरगं राजदरबारच्या परीक्षा पास होऊन साहेब होवो.

आता तो कपाळ फुगलेला म्हातारा. हा शौशिंग, दीर्घायुष्याचा देव. हातात काठी आणि पीच हे फळ. चिनी पुराणातली देवी, पश्चिमेची राणीमाता, तिच्या बागेतले पीच तीन हजार वर्षांतून एकदा पिकतात आणि खाणारा अमर होतो अशी कथा आहे. शौशिंग मुळात एक तारा आहे, आणि तोही आपल्या ओळखीचा: आपण ज्याला अगस्ती म्हणतो तोच. चीनच्या बऱ्याच भागातून तो दक्षिणेला क्षितिजालगत जेमतेम दिसतो, त्यामुळे दिसला तर शुभ.

अशा भांड्यांवर खेळणारी ढीगभर मुलंही असतात. 'शंभर मुलं' असंच त्या नक्षीला म्हणतात. आपल्या 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'ची ही जरा सढळ आवृत्ती.

तुमचा दुसरा प्रश्न वयाचा. इथे थोडं थंड पाणी ओततो. चित्रावरून वय ठरत नाही, कारण हेच शकुन जिंगदेझन या चीनमधल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावचे कारागीर शतकानुशतकं काढत आलेत. तळाला दुहेरी वर्तुळात कांगशी बादशहाचं नाव आहे म्हणून बरणी ३०० वर्षांची, हेही धरून चालू नका. कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात त्या काळच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वेड पसरलं, तेव्हा नव्या बरण्यांवर हे नाव सर्रास घातलं गेलं. जुन्या काळाला मान म्हणून नाव घालायची रीतही होतीच, त्यामुळे प्रत्येक वेळी लबाडी समजू नये. तळावर रोमन लिपीत 'चायना' छापलेलं असेल तर मात्र बरणी बहुधा १८९१ नंतरची. त्या वर्षीपासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं.

घरच्या घरी एक तपासणी करा. भिंगातून निळा रंग बघा. कोबाल्टचा रंग कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर कुंचल्याने लावतात, वर पारदर्शक झिलई देतात आणि मग सुमारे १३०० अंशांवर भाजतात. लावताना रंग काळपट असतो, निळा होतो तो भट्टीत. हाताने रंगवलेलं असेल तर एका फटकाऱ्यावर दुसरा चढलेला दिसेल, तिथे निळा गडद असेल आणि कडेला फिका. सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापलेलं आहे. मग त्यात फक्त लोणचं भरा, हरकत नाही. बुडाची झिलई नसलेली कडाही बघा. वर्षानुवर्षं सरकवल्याने ती गुळगुळीत होते आणि मळ आत मुरलेला असतो. काही विक्रेते हा मळ चोळून बसवतात, तेव्हा नुसत्या मळावर भाळू नका.

खरी जुनी भांडी जवळून बघायची तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली चिनी पोर्सेलीन आहेत. ती बघून या, मग तुमच्या बरणीकडे बघा. आणि तोवर तिला तारेच्या घासणीने घासू नका.