"पण मी तर आदल्या रात्री प्यायलो होतो!"

माझ्याकडे समुपदेशनासाठी दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये पकडलेले लोक येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा लायसन्सचाच असतो, ते गेलं की नोकरीचं काय, घरी काय सांगायचं. हा जो आला (ओळखीच्या खुणा बदलल्यात) त्याला तर सकाळी सव्वासातला ऑफिसला जाताना पकडलं होतं आणि त्याचं एकच पालुपद, मॅडम मी दारू पिऊन गाडी चालवलीच नाही, रात्री एकला थांबलो, झोपलो, आंघोळ केली, दोन कप कॉफी घेतली, मशीनच बिघडलेलं असणार.

आधी केसचं बोललो. लोकांना वाटतं कोर्टाचा निकाल लागेपर्यंत लायसन्सला हात लागत नाही, तसं नसतं. बऱ्याच ठिकाणी कोर्टातला खटला आणि लायसन्स देणाऱ्या खात्याची कारवाई वेगवेगळ्या चालतात, त्यामुळे लायसन्स आधी सस्पेंड होऊ शकतं आणि त्याविरुद्ध दाद मागायची मुदत कधीकधी अगदी थोड्या दिवसांची असते. नोटीस त्याने न वाचताच बॅगेत कोंबली होती, म्हटलं उद्याच्या उद्या वकिलाला दाखवा, ते काम माझं नाही. आणि सस्पेंड असताना "जवळच तर जायचंय" म्हणून गाडी काढलीत तर तो वेगळा गुन्हा, त्यात कुठे ठोकली तर विमा कंपनीही हात वर करू शकते. यावर तो खाली बघायला लागला, म्हणजे काढतच होता! बायकोला काहीच सांगितलं नव्हतं ना, मग रोज सकाळी किल्ली घेऊन निघायलाच लागायचं. अटकेपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते खरं सांगायचं तर, एक लपवायला दुसरं करावं लागतं आणि दुसऱ्यांदा पकडलं की कोर्ट पहिल्यासारखं बघत नाही.

मग मशीनचं. रिपोर्टवर आकडा होता 62, म्हणजे 100 मिली रक्तात 62 मिलीग्रॅम अल्कोहोल. भारतात हद्द 30 ची, युरोपात बऱ्याच देशांत 50, इंग्लंडमध्ये 80. शरीर हे तासाला साधारण 15 ने उतरवतं, कुणाचं 10 कुणाचं 20, आणि कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी काही केलं तरी तो वेग वाढत नाही, कॉफी फक्त जागं ठेवते. एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं तुम्हीच करा हिशोब. एक ते सव्वासात, सहा तास धरा, सहा पंधरा नव्वद, अधिक 62.

"दीडशे?"

"हो, रात्री एकला दीडशेच्या आसपास. किती घेतली होती म्हणालात?"

"तीन-चार पेग."

तीन-चार पेगवर दीडशे चढत नाही हो, आणि तेही आठ वाजल्यापासून हळूहळू घेत बसलेल्या माणसाला. मी एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत घालत होता. मग म्हणाला, नऊ-दहा असतील, मोजत कोण बसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ऑडिट म्हणतात, 40 पैकी 8 किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय असं धरतात. ती भरून घेतली, 17 आले. व्यसनी वगैरे शिक्का मी मारत नाही, त्याने काही साधत नाही, माणूस पुढच्या वेळी येतच नाही. घरी आजच सांगायचं आणि किल्ली बायकोकडे द्यायची, एवढंच ठरवलं. रोज भरपूर पिणारा असता तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा असंही सांगावं लागलं असतं, कारण एकदम सोडल्याने फिट येऊ शकते.

उठता उठता त्याने विचारलं, मॅडम मग सकाळी सातला निघायचं असेल तर रात्री किती वाजता थांबायचं? मी उत्तर नाही दिलं, विचारलं गेल्या महिन्यात एक थेंबही न घेतलेल्या रात्री किती?

"चार," म्हणाला. मग दारापाशी थांबून, "नाही, तीन."