पुन्हा एकदा बाप्तिस्मा घेऊ का?

“मॅडम, माझा बाप्तिस्मा झालाय, पण तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. मग तो धरायचा का?”

मी नंदुरबारला समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांपैकी बऱ्याच जणांचं बोलणं फिरून फिरून इथेच येतं, बाप्तिस्म्यापाशी, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेपाशी. सुरुवात मात्र भलतीकडून होते. झोप लागत नाही, परीक्षा जवळ आलीय आणि डोकं चालत नाही, लग्न ठरतंय पण मन धजत नाही. दोन-तीन भेटींनंतर मग हा प्रश्न, तोही खाली बघत. कुणी सगळ्या पोरांबरोबर घेतला म्हणून तो खोटा मानतं, कुणाचे बाप्तिस्मा देणारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पुढे वादात सापडलेले असतात. (पाळकांचा प्रश्न तसा जुना आहे. उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यावरून मोठी फूट पडली होती आणि संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात तो नीट सोडवून ठेवलाय: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो अवलंबून नसतो.) आणि बऱ्याच जणांचं कारण एवढंच, की सभेत शेजारची बाई हुंदके देत होती आणि आपले डोळे कोरडे राहिले. या कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे जितकी माणसं धाडली, तितकी दुसऱ्या कशानेच नाहीत.

त्यातल्या एका मुलीविषयी लिहिते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवापूर तालुक्यातली, पेशाने नर्स, घरी मावची बोलणारी, आजोबांपासून घर ख्रिस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. त्यांच्या वळणाच्या मंडळ्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. बाळाचं अर्पण करतात, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवतात, आणि मूल कळतं झालं, त्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल केला, की पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. हिचा तेराव्या वर्षी झाला, पाऊस सरता सरता, रंगावली नदीत. “नाकात पाणी गेलं, ठसका लागला, बाहेर आल्यावर मावशीने टॉवेल गुंडाळला. एवढंच आठवतं,” ती म्हणाली. “बाकीच्या मुली म्हणत होत्या, अंगावरून वीज गेल्यासारखं झालं. मीपण म्हटलं, हो, मलाही.”

ते लहानसं खोटं तिला इतकी वर्षं टोचत होतं. आता ती पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला निघाली होती. आपल्या पाळकांनी “एकदा झालाय ना, पुरे” म्हणून वाटेला लावलं, तेव्हा तिने दुसरीकडे विचारलं. तिथे लगेच तारीख मिळाली.

पुन्हा घे किंवा घेऊ नकोस, यातलं काहीही मी तिला सांगितलं नाही. तो मंडळीचा प्रश्न आहे, माझ्या खोलीतला नाही. मी फक्त पुढचं विचारलं.

“बरं, घेतलास. दुसऱ्या दिवशी कसं असेल?”

“शांत वाटेल.”

“आणि महिन्याने एखाद्या रात्री परत शंका आली तर?”

ती गप्प. मग अगदी हळू म्हणाली, “मग हाही खरा नव्हता, असंच वाटेल मला.”

“मग तिसरा?”

इथे तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही. माझ्या दृष्टीने काम तिथून सुरू झालं. मी विचारांच्या अंगाने काम करणारी आहे. विचार बदलून त्रास कमी करणाऱ्या उपचारपद्धती घडवणारे एलिस आणि बेक, या दोघांच्या पठडीत शिकले, आणि माणसाला त्रास घटनेपेक्षा तिच्यावर लादलेल्या अटीचा होतो, हे मला रोज दिसतं. तिची अट होती: विश्वास खरा असेल तर शंका येताच कामा नये आणि अंगात काहीतरी जाणवलंच पाहिजे. या अटीला तिच्याच शास्त्रात आधार आहे का, ते बघायचं मी ठरवलं. धार्मिक माणसाशी बोलताना त्याचा धर्म दाराबाहेर ठेवून यायला सांगणारे समुपदेशक मला कधीच पटले नाहीत. उत्तर पुष्कळदा त्याच्याच पुस्तकात असतं, त्याने ते पान भीतीपोटी नीट वाचलेलं नसतं, इतकंच.

पुढच्या भेटीत तिने मला उलटं विचारलं, “तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?”

“मी तेव्हा झोपले होते, असं आई सांगते.”

ती बघतच राहिली. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या घरातली. १९७० साली सहा चर्च एकत्र येऊन हे चर्च झालं, तेव्हा तान्ह्यांचा आणि जाणत्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य करण्यात आले. तिला मी सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचंही सांगितलं. मठात असताना हा माणूस पापं कबूल करायला तासन्तास बसायचा, बाहेर पडला की राहिलेलं एखादं आठवून परत यायचा. त्याचे वडीलधारे श्टाउपिट्झ जेरीस यायचे. शेवटी त्याला थारा मिळाला तो कोणत्या भावनेत नाही. १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, तो लिहितो, की पाप आणि मन छळायला लागलं की म्हणायचं, तरीही माझा बाप्तिस्मा झालेला आहे. आणि त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा कधी झाला होता? तो एक दिवसाचा असताना.

“पण मॅडम, ते ल्यूथर,” ती म्हणाली. “माझं नवापूर स्टेशनच्या बाकड्यासारखं झालंय. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. अर्धा विश्वास, अर्धी शंका.”

मला ही उपमा फार आवडली. सुरत-भुसावळ लाइनवरच्या त्या स्टेशनातून राज्याची हद्द जाते आणि बाकावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडे दोन राज्यांची नावं लिहिली आहेत.

“त्या बाकावर बसणाऱ्यांची गाडी चुकते का गं?”

“नाही, गाडी येते तेव्हा सगळेच चढतात.”

मग बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. आकडी येणाऱ्या मुलाचा बाप येशूकडे येतो आणि एका दमात दोन्ही बोलून जातो: माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाचं काहीतरी करा. येशू त्याला, आधी शंका मिटवून ये, मग बघू, असं म्हणत नाही. त्याच अवस्थेत पोराला बरं करतो. हे वचन तिला पाठ होतं. ते आपल्याविषयी आहे, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

खरी गाठ पुढच्या भेटीत सापडली. नाइट ड्यूटी संपवून ती थेट आली होती. पर्समधून एक डायरी काढून टेबलावर ठेवली, न बोलता. मागच्या पानांवर पट्टीने आखलेले रकाने होते, वॉर्डात ताप, नाडी आणि श्वास नोंदवतात त्या टीपीआर चार्टसारखे. तारीख, वेळ, प्रार्थनेआधी किती, प्रार्थनेनंतर किती, शंका आली का. विश्वासाला दहापैकी मार्क. निळ्या पेनाने चार, पाच, चार. एका रविवारी आठ होते आणि पुढे प्रश्नचिन्ह. काही दिवशी सहा-सहा नोंदी. पहाटे तीनच्या नोंदीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, “मुद्दाम जास्त दिले.”

या खोलीत माणसांनी माझ्यासमोर पुष्कळ काही ठेवलं आहे. त्या तीन शब्दांइतकं प्रामाणिक क्वचितच.

मी तिला मत्तयाचं शुभवर्तमान उघडायला सांगितलं. “तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाच आणि न थांबता चौथ्यात जा. मधला आकडा बघूच नकोस, हे अध्याय तेराव्या शतकात पाडलेत.”

तिने वाचलं. येशू गालीलहून यार्देनेवर येतो. तिथे बाप्तिस्मा देणारा योहान मागेपुढे करतो, मीच तुमच्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा, म्हणतो. येशू म्हणतो, आता असंच होऊ दे. पाण्यातून वर येताच आकाश उघडतं, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि वाणी होते: हा माझा पुत्र, मला परमप्रिय, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. लगेच आत्मा त्याला रानात नेतो. चाळीस दिवसांचा उपास. मग परीक्षा पाहणारा जवळ येऊन म्हणतो...

ती थांबली.

“काय म्हणतो?”

“तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर.”

“आत्ताच वर काय ऐकलंस?”

“हा माझा पुत्र.” तिने बोट वर नेलं, परत खाली आणलं. “म्हणजे, तोच शब्द. नदीवर जे सांगितलं, त्यालाच ‘असशील तर’ लावलं.”

“आणि येशूने काय केलं? करून दाखवलं?”

“नाही. शास्त्रातलं वचन सांगितलं आणि तसाच उपाशी राहिला.”

मग ती डायरीकडे बघत म्हणाली, “मी रोज करून दाखवतेय.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत. थोड्या वेळाने एकच विचारलं: ती वाणी झाली तोवर येशूने कोणते चमत्कार केले होते? “एकही नाही,” ती म्हणाली. लूक सांगतो की सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. उपदेश, शिष्य, बरे केलेले रोगी, सगळं नंतरचं. संतुष्ट आहे, हे आधीच सांगून झालं होतं.

येशूच्या उदाहरणाविषयी आपण बोलतो ते बहुधा सेवेचं, क्षमेचं, सोसण्याचं. बाप्तिस्म्यानंतर लगेच आलेल्या त्या ‘असशील तर’ला त्याने पुरावा द्यायचं नाकारलं, हेही उदाहरणच आहे, आणि शंकेने पोखरलेल्या माणसाला सगळ्यात आधी तेच लागतं. ही जोडणी मी तिच्यानंतर अनेकांना वाचायला लावली. एका पाळकांनी ती उपदेशात घेतली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. बरं वाटलं.

पण वाचून समजलं म्हणजे सवय सुटली, असं होत नाही. आमचं ठरलं ते साधं होतं. तीन आठवडे मार्क द्यायचे नाहीत, डायरीतही नाही आणि मनातही नाही. प्रार्थना नेहमीइतकीच, वाढवायची नाही. संपली की उठून पुढच्या कामाला लागायचं. शंका आली तर ‘आली’ एवढंच म्हणायचं. तिच्याशी वाद घालायचा नाही, तिला वचनांनी मारायचंही नाही, कुणाला फोन करून ‘माझं बरोबर आहे ना?’ असं विचारायचं नाही. पहिला आठवडा तिला फार जड गेला, शंका दुप्पट झाल्यासारख्या वाटल्या. असं होतंच, आणि लोक नेमके तिथे सोडून देतात. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, एक अख्खा दिवस या विषयाशिवाय गेला आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. दुसरीकडे घेतलेली तारीख तिने स्वतःच रद्द केली.

हे वाचणाऱ्यांत असेच कुणी असतील, म्हणून थोडं सांगते. ज्यांनी अजून घेतलेला नाही आणि ‘विश्वास पुरा झाला की घेईन’ म्हणून वर्षानुवर्षं थांबलेत, त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय वाचावा. त्यातल्या कूशी अधिकाऱ्याला बाप्तिस्म्यासाठी रथातला एक प्रवास आणि वाटेतलं पाणी पुरलं होतं. पण म्हणून कुणाला ढकलू मात्र नये. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी, स्वतःचं स्वतः उमजल्यावर. घरातलं कुणी मागे राहिलं तर त्याला त्याची वर्षं द्यावीत.

पाळकांना आणि आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, की पाण्यातून बाहेर आलेल्या पोराला ‘काय वाटलं?’ असं चारचौघांत विचारू नका. तेरा वर्षांचं मूल तुम्हाला हवं तेच उत्तर देईल आणि पुढे ते एकटंच ओझं वाहील.

तीच प्रार्थना ‘बरोबर’ होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणणं, तेच पाप दहादा कबूल करणं, हात धूत राहणं, पवित्र आत्म्याची निंदा, म्हणजे ज्याला क्षमा नाही असं पाप, आपल्याकडून झालीच या धास्तीने अन्नपाणी तुटणं, दिवसाचे तास यातच जाणं, हे असेल तर उपदेश पुरणार नाही. तो मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर औषधं आहेत, आणि ती घेणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं मुळीच नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लगेच लावा, मराठीतून बोलता येतं.

आणि पुन्हा घ्यावा का, हे अजूनही विचारावंसं वाटत असेल, तर आधी तीन आठवडे मार्क देणं बंद करा. त्यानंतरही प्रश्न उरला, तर तो घेऊन आपल्याच पाळकांकडे जा, आणि जाताना पहिल्या वेळी सगळ्यांसमोर बोललेलं लहानसं खोटंही त्यांना सांगून टाका. तिने सांगितलं तेव्हा तिचे पाळक हसले म्हणे. त्यांच्याही नाकात पाणीच गेलं होतं.