कॅम्पचे पुरावे वाटून घ्यावेत, पण स्वतः वाचूनच वापरावेत

ताई, तुमचा मुलगा तीन आठवड्यांच्या पॉलिसी डिबेट (सरकारी धोरणांवर पुरावे वाचून करायचा वादविवाद) कॅम्पला निघालाय. तिथे लॅबमधल्या, म्हणजे कॅम्पमधल्या त्याच्या गटातल्या, सगळ्यांचं संशोधन एकाच ड्रॉपबॉक्समध्ये जातं, आणि "मी शोधलेलं दुसऱ्यांना का द्यायचं?" असं तो विचारतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी दहा वर्षं इथे अमेरिकेत शाळकरी मुलांना पॉलिसी डिबेट शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देऊ द्या त्याला, बिनधास्त. वर्षभर सगळ्या देशाला विषय एकच असतो. २०२४-२५ ला बौद्धिक संपदा होता, २०२५-२६ ला आर्क्टिक. एवढा पसारा एकट्या मुलाला झेपत नाही. शिवाय बऱ्याच कॅम्पांच्या फाइली पुढे 'ओपन एव्हिडन्स'वर कुणालाही फुकट मिळतात. ज्या शाळांना कोच परवडत नाही, त्यांच्या मुलांना याच फाइलींचा आधार असतो. मला या खेळातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्यांची कार्डं, म्हणजे वाचून दाखवायचे पुराव्याचे उतारे, घेण्याची. कार्डात वर टॅग, म्हणजे आपला दावा एका वाक्यात. खाली साइट (cite), म्हणजे संदर्भ: लेखक, त्याची पात्रता, तारीख, लिंक. आणि मग मूळ मजकूर, शब्दही न बदलता. मोठ्याने वाचायचा भाग तेवढा हायलाइट करायचा. मधला परिच्छेद गाळायचा नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने कॅम्पच्या फाइलीतलं कार्ड तसंच उचललं होतं. टॅग झकास: पेटंट कडक केली की नवे शोध वाढतात. क्रॉस-एक्झामिनेशनमध्ये, म्हणजे भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत, समोरच्या मुलाने मूळ लेख उघडला. लेखकाने ते मत खोडून काढण्यासाठी मांडलं होतं! पुढचाच परिच्छेद उलटा होता. नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशनच्या नियमांत अशा मताला 'स्ट्रॉ आर्ग्युमेंट' म्हणतात. ती राउंड गेलीच, पण पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. कार्ड कट करणाऱ्यानेही, म्हणजे लेखातून ते तयार करणाऱ्यानेही, मुद्दाम केलं नसावं. रात्री अकराची डेडलाइन, आणि अर्धाच लेख वाचलेला.

म्हणून साइटच्या शेवटी कट करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची पद्धत आहे ना, ती त्याने कधीही चुकवू नये. शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळतं. आणि दुसऱ्याचं कार्ड स्वतःच्या भाषणात घेण्याआधी मूळ लेखातला निदान आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचायचाच. लिंक उघडत नसेल, तर ते कार्ड बाजूला.

फाइली लावायला व्हर्बेटिम वापरतात, वर्डवर चालणारं टेम्प्लेट. एफ ७ ने टॅग, एफ ८ ने साइट, एफ ९ ने अधोरेखन, एफ ११ ने हायलाइट. हे घरीच चार दिवस बोटांत बसवून घ्या. मथळे नीट दिले तर डावीकडे सगळी अनुक्रमणिका दिसते आणि हवं ते कार्ड पटकन सापडतं.

कॅम्पची मूळ फाइल मात्र त्याने कधी बदलू नये. आपली प्रत वेगळी काढायची, तिला तारीख घालायची, आणि वाचून तपासलेली कार्डंच तिच्यात न्यायची. माझ्या मुलांकडे अशी कार्डं सुरुवातीला चाळीस-पन्नासच असतात, आणि सप्टेंबरच्या पहिल्या स्पर्धेला तेवढी पुरतात.