विहीर नासली, आता कारखाना सही मागतोय

प्रश्न: आमच्या शेताच्या वरच्या अंगाला साखर कारखान्याची डिस्टिलरी आहे. दीड वर्षापूर्वी विहिरीचं पाणी तांबूस झालं, घाण वास येऊ लागला, डाळिंबाची बाग गेली. आता कारखान्याची माणसं दोन लाख द्यायला तयार आहेत, पण 'यापुढे तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतात. एक वकील म्हणतात दिवाणी दावा टाका. दुसरे म्हणतात सहा महिन्यांची मुदत संपली, विषय सोडा. आम्ही त्याच कारखान्याचे सभासद आहोत, ऊसही तिथंच जातो. काय करावं?

उत्तर: सही करू नका. दोन लाखांत बाग एकवेळ धरता येईल, पण विहीर आणि जमीन पूर्ववत करून मागण्याच्या तुमच्या हक्कावर कारखाना उद्या तोच कागद पुढे करील. आधी काही रक्कम घेतली असेल तर लपवू नका. भरपाईच्या अर्जात ती सांगावीच लागते.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (म्हणजेच हरित लवाद) कायदा, २०१० च्या कलम १४ खालच्या अर्जाला ती मुदत आहे. तुम्हाला मात्र नुकसानभरपाई हवी आहे आणि विहीर, जमीन पूर्ववत करून हवी आहे. ते कलम १५ मध्ये येतं आणि तिथं मुदत ५ वर्षांची आहे. त्यामुळे तुमची वेळ गेलेली नाही. दिवाणी दाव्याच्या फंदात पडू नका. जी भरपाई हरित लवाद देऊ शकतो, तिच्याबाबत कलम २९ ने दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केला आहे. महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. मागितलेल्या भरपाईच्या १ टक्का फी लागते, म्हणून आकडा हवेत फेकू नका. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ असते.

खरी लढाई पुराव्याची. तुम्ही बाटली भरून खासगी प्रयोगशाळेत नेलीत, तर कारखान्याचे वकील पहिलाच प्रश्न विचारतील: हे पाणी याच विहिरीचं कशावरून? म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीन ठिकाणचे नमुने मागा: तुमची विहीर, कारखान्याखालचा ओढा आणि कारखान्याच्या वरच्या बाजूची एखादी विहीर. तिसरा नमुना लोक हमखास विसरतात. वरचं पाणी स्वच्छ आणि खालचं तांबूस निघालं, तर बोट कुणाकडे जातं ते वेगळं सांगावं लागत नाही. डिस्टिलरी चालू असताना, पावसाळ्याआधी नमुने घेतले गेले तर उत्तम. पावसात सगळंच पातळ होतं. मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र आणि तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागवा. डिस्टिलरीने स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी, आवाराबाहेर सोडायचंच नसतं. संमतीपत्रातल्या अटी त्याबद्दलच असतात.

बाग गेली तेव्हाचा तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा आहे का? असेल तर नक्कल काढा. सातबाऱ्यावर विहीर आणि डाळिंब नोंदलेलं आहे ना, तेही पाहा. आडतीच्या जुन्या पट्ट्या फेकल्या नसतील अशी आशा करतो. भरपाईचा आकडा त्यांवरूनच उभा राहतो.

सभासद असणं तक्रारीच्या आड येत नाही. तोड लांबवतील ही भीती खोटी नाही, म्हणून एकटे पुढे होऊ नका. ओढ्याकाठच्या आणखी चार-पाच विहीरवाल्यांना सोबत घेऊन अर्ज करा. ऊसनोंदीची पावती जपा. तोड मुद्दाम अडवली तर प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे वेगळी तक्रार द्या.

निकाल झटपट लागेल असं मी म्हणणार नाही. राजस्थानातल्या बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'प्रदूषण करणाऱ्यानेच भरावं' असा निकाल दिला. तरीही वसुलीचा वाद २०११ पर्यंत न्यायालयात होता. मात्र उशिराची किंमत तिथं कारखानदारांनाच मोजावी लागली, चक्रवाढ व्याजासह.

तोवर त्या विहिरीचं पाणी माणसांना आणि जनावरांना देऊ नका. टँकर किंवा पर्यायी पाण्याचा खर्च होईल त्याची प्रत्येक पावती ठेवा. तोही भरपाईत मागता येतो.