प्लांट, व्हेजिटेबल, ग्राफ्ट: माळ्याच्या हातातले शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्लांट, हर्ब आणि व्हेजिटेबल हे शब्द एकाच मुळातून आलेत का, आणि कारखान्यालाही प्लांट का म्हणतात?

तिन्ही शब्द लॅटिनमधले, पण तिघांची घरं वेगळी. या शब्दांचे अर्थ वनस्पतिशास्त्रात शोधत बसू नका. माळी हातापायांनी काय करतो ते बघा, निम्मी कोडी तिथेच सुटतात.

लॅटिनमध्ये 'प्लांटा' म्हणजे लावायचा फुटवा, आणि 'प्लांटा' म्हणजे तळपायही. रोप खड्ड्यात ठेवलं की भोवतालची माती पायाने दाबतात. दोन अर्थांचा सांधा तिथे असावा असं मानतात. टाच दुखते म्हणून गेल्यावर डॉक्टर 'प्लांटर फॅसायटिस' लिहून देतात, त्यातला प्लांटर हा तळपायवाला. एखाद्याला हटवून त्याची जागा बळकावणं, म्हणजे 'सप्लांट', हेही मुळात पायात पाय घालून पाडणं. आता कारखाना. जे रोवलं, एका जागी पक्कं बसवलं, ते प्लांट. आधी बसवलेल्या यंत्रांना हा शब्द लागला, मग ती जिथे बसवली त्या सगळ्या आवाराला.

व्हेजिटेबलने तर साफ उलटी उडी मारली आहे. 'व्हेजेटारे' म्हणजे चेतना आणणं, जोम देणं. इंग्रजीत हा शब्द आला तो विशेषण म्हणून: ज्याच्यात वाढण्याची शक्ती आहे असा. वड, गवत, शेवाळ, सगळंच त्यात बसायचं. 'व्हेजिटेबल किंगडम'मध्ये तो जुना अर्थ अजून टिकून आहे. ताटातली भाजी एवढाच अर्थ रुळला तो अठराव्या शतकात. आणि 1972 साली ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या डॉक्टरांनी भान हरपलेल्या रुग्णांच्या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' असं नाव दिलं. शरीर जगतं, पोसलं जातं, पण त्यापलीकडे काही नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे जोम सांगणारा शब्द शेवटी निपचित पडलेल्या माणसाला लागला. (त्यातल्या एका डॉक्टरांचं आडनावच प्लम असावं, हा निव्वळ योगायोग!)

हर्बमध्ये फारसं काही नाही. 'हर्बा' म्हणजे गवत, हिरवळ. फ्रेंचांनी त्यातला 'ह' गिळला, म्हणून अमेरिकन माणूस अजून 'अर्ब' म्हणतो. ब्रिटिशांनी तो पुढे परत आणला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या सगळ्यात माझा सर्वांत लाडका शब्द ग्राफ्ट. ग्रीक 'ग्राफेइऑन' म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची अणकुचीदार लेखणी. तो शब्द लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. खुंटात बसवायची काडी तासून टोकदार केली की ती लेखणीसारखीच दिसते, म्हणून तिला ते नाव पडलं असावं. आता आपला शब्द आठवा: कलम. अरबीत तीही लेखणीच! बोरूचं तिरकं कापलेलं टोक आणि पाचर कलमाची तासलेली काडी शेजारी ठेवा, दोन्हीकडे चाकूचं काम एकच. ग्राफ्ट आणि कलम हे शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, तरी दोन वेगळ्या भाषांतल्या माळ्यांना तीच वस्तू आठवली.

रक्ताचं नातंच हवं असेल तर ते 'ट्री'मध्ये आहे. संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड, 'द्रुम' म्हणजे झाड, आणि इंग्रजी 'ट्री', हे एकाच मूळ धातूचे. देवदार म्हणजे देवांचं लाकूड, त्यातला 'दार' तोच. तो शब्द पुढे 'डिओडार' होऊन इंग्रजीतही गेला.

कलमाची अजून एक काडी आहे. इंग्रजीत खट्याळ पोराला 'इम्प' म्हणतात. जुन्या इंग्रजीत 'इम्पा' म्हणजे कोवळा कोंब, कलमाला वापरायची डहाळी. कोंबावरून वंशाचा अंकुर, त्यावरून मूल, मग सैतानाचं मूल, असा तो घसरत गेला.

आणि 'इनॉक्युलेट'. आज याचा अर्थ लस टोचणं. लॅटिन 'ऑक्युलस' म्हणजे डोळा, पण इथे माणसाचा नव्हे, फांदीवरचा. आपण 'डोळा भरणं' म्हणतो, शब्दशः तेच. गुलाबाचा डोळा भरताना खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, साल अलगद उचलून डोळा आत सरकवतात आणि वरून पट्टी बांधतात. 1721 साली इंग्रज लेखिका लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी लंडनमध्ये आपल्या मुलीला देवी टोचून घेतल्या, तेव्हाची पद्धत अशी होती: कातडीला बारीक चीर, तिच्यात देवीच्या फोडातला थोडा द्रव, आणि वरून पट्टी.