गायरानात चरतं आपलं जनावर, पण अनुदानाचं काय?

या पंधरवड्यात सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतून चराऊ जमिनीबद्दल तीन प्रश्न आले. जमीन कोण कसतं, कोण चारतं हे गावाला ठाऊक असतं. पैसे मात्र सातबारा बघून येतात, आणि बहुतेकांची गाडी तिथंच अडते.

गायरानातली दोन एकर वडील तीस वर्षं कसत होते, आता मी बाजरी घेतो. दरवर्षीच्या दंडाच्या पावत्या आहेत. पीएम किसानचे पैसे मिळतील का?

नाही मिळणार, दादा. असाच एक शेतकरी मागे आमच्या कृषी कार्यालयात कॅरीबॅग भरून पावत्या घेऊन आला होता. सगळ्यात जुनी पिवळी पडून घडीवर फाटलेली. इतकी जपलेली कागदं, पण ती मालकीची नव्हेत, अतिक्रमणाची. दंड भरला म्हणजे सरकारनं तुम्हाला मालक मानलं असं होत नाही, उलट अतिक्रमण तुमचं आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, नाव असलं तरी तेच. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून कोणी म्हणत नाही.)

गायरान सरकारचं, देखभाल ग्रामपंचायतीची, चराईचा हक्क गावाच्या जनावरांचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितल्यापासून ती नियमित होण्याची वाट फार अरुंद झाली आहे. पूर्वी २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची काही अतिक्रमणं नियमित झाली होती. वडिलांच्या नावाने तसा पट्टा मिळून सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' (सरकारनं अटी घालून दिलेली जमीन) अशी नोंद झाली असेल, तर गोष्ट वेगळी. मग ती जमीन गायरान उरलीच नाही. तो आदेश घरात शोधा, नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा.

आणि एक कळकळीनं सांगतो. पाचशे रुपये घेऊन गायरानाच्या गट नंबरवर पीकविमा भरून देणारे भेटतात. राज्यात असे विमे उघडकीस आले आहेत. त्या भानगडीत पडू नका.

आम्ही चार भाऊ. साडेबारा एकर सामाईक माळ, वाटणी नाही. निम्म्या माळावर फक्त गवत, जनावरं तिथंच चारतो. चौघांना वेगवेगळे पैसे मिळतील का?

मिळू शकतात. सामाईक खातं म्हणजे गायरान नव्हे. ती तुमची खासगी मालकी, फक्त वाटप न झालेली. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. चार भाऊ म्हणजे चार कुटुंबं. रक्कम एकरावर ठरत नाही; प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. पूर्वी असलेली दोन हेक्टरची अटही २०१९ मध्येच गेली.

अडतं ते तारखेवर. १ फेब्रुवारी २०१९ रोजी नाव सातबाऱ्यावर हवं. त्यानंतर खरेदीनं किंवा बक्षीसपत्रानं चढलेलं नाव चालत नाही, खातेदार वारल्यावर वारसानं चढलेलं चालतं. तुमच्यात धाकट्याचं नाव फेरफारात राहून गेलंय का ते आधी बघा. आयकर भरणारा भाऊ असेल तर तो बाद, बाकीच्यांना त्याची झळ नाही.

आता गवताचं. सातबारा हातात घ्या आणि डावीकडचा क्षेत्राचा रकाना वाचा. लागवडयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं, वेगळं लिहिलेलं असतं. योजनेला लागवडयोग्य जमीन लागते. माळ लागवडयोग्य लिहिला असेल, तर यंदा तिथं फक्त पवन्या आणि मारवेल उभं आहे म्हणून कोणी अपात्र ठरवत नाही. मंगळवेढ्याची निम्मी काळी रानं खरिपात पडच असतात, मालदांडी ज्वारी पेरायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून करायच्या पीक नोंदीत) मात्र खरं ते टाका: गवत असेल तर गवत, पड असेल तर पड. तूर टाकून ठेवली की पंचनाम्याच्या वेळी तोंड लपवायची पाळी येते.

सगळा माळच पोटखराब वर्ग 'अ' मध्ये असेल आणि तुम्ही तो फोडून पेरायला लागला असाल, तर लागवडयोग्यमध्ये घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करा. वर्ग 'ब', म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान, त्याच्या नादी लागू नका.

जमीन नाही, चाळीस मेंढरं आहेत. पावसाळ्यात चारायला जागा उरत नाही. आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि त्याला सातबारा लागत नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भज-क (भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर) प्रवर्गातल्या, किमान २० मेंढ्या आणि एक नर पाळणाऱ्या कुटुंबांसाठी चराई अनुदान आहे: जून ते सप्टेंबर दरमहा ६,०००, म्हणजे चार महिन्यांचे २४,००० रुपये. महिनेही विचार करून धरलेत. या दिवसांत रानं पेरलेली, त्यामुळे शेतात मेंढरं बसवता येत नाहीत. अर्ज पशुसंवर्धन विभागाकडे ऑनलाइन होतो, आमच्या कृषी कार्यालयात नाही. जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं आणि मेंढरांच्या कानातले बिल्ले आत्ताच नीट करून घ्या. अर्ज सुटतात तेव्हा तुम्ही नेमके वाड्यासकट (मेंढरांच्या तळासकट) लांब गेलेले असता.