ब्रिटिश पासपोर्टवर निवृत्तीनंतर सांगलीत परतायचं आहे. तिकडची पेन्शन आणि बँकखाती कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की वय ६४, बत्तीस वर्षं कोव्हेंट्रीत, दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. तुमची पेन्शन खासगी कंपनीची, पत्नीची तिथल्या काउन्सिलची (म्हणजे स्थानिक पालिकेची), शिवाय दोघांची स्टेट पेन्शन, म्हणजे ब्रिटिश सरकारची पेन्शन, आणि पुढच्या वर्षी कायमचं सांगलीला यायचं आहे. मी लेस्टरच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि २०१९ पासून नाशिकला राहते. तुमच्या प्रश्नाचा बराचसा भाग बँकेबद्दल आहे आणि स्टेट पेन्शनबद्दल एकच ओळ आहे. मी सुरुवात त्या एका ओळीपासून करते, कारण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब तिच्यावर उभा आहे.

भारतात राहणाऱ्याची ब्रिटिश स्टेट पेन्शन गोठते. म्हणजे ज्या दराने सुरू झाली त्याच दराने शेवटपर्यंत मिळते; दर एप्रिलला तिकडे होणारी वाढ आपल्याला लागू होत नाही. माझी २०१९ साली सुरू झाली तेव्हा पूर्ण दर आठवड्याला १६८.६० पौंड होता. आजही मला तेवढेच मिळतात. लेस्टरला माझ्याच वयाच्या मैत्रिणीला २०२५-२६ मध्ये २३०.२५ पौंड मिळाले आणि एप्रिल २०२६ पासूनचा दर २४१.३० आहे. फरक आठवड्याला ७२ पौंडांहून जास्त, वर्षाला रुपयांत चार लाखांच्या वर. दोघींनी वर्गणी सारखीच भरली. मी फिलिपाइन्सला किंवा मॉरिशसला राहायला गेले असते तर वाढ मिळाली असती, कारण त्या देशांशी ब्रिटनचा ही वाढ देण्याचा करार आहे. भारताशी नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड यांच्याशीही तसा नाही. ॲनेट कार्सन नावाच्या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाईंनी हा खटला थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला, आणि २०१० मध्ये त्या हरल्या. हे अन्यायाचं आहे असं माझं ठाम मत आहे, पण तुम्ही हिशोब मात्र वाढ मिळणार नाही असं धरूनच करा. २०२५ च्या जुलैमध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्यावर इथल्या पुष्कळ लोकांना वाटलं की आता आपलीही पेन्शन वाढेल. त्याच्या जोडीचा सामाजिक सुरक्षेचा करार तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वर्गणीबद्दल आहे, आपल्या पेन्शनबद्दल नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. आज ६४ म्हणजे तुमचं पेन्शनचं वय ६७. तुम्ही भारतात आलात म्हणून रक्कम त्या दिवशी गोठत नाही. ६७ पूर्ण होताना जो दर चालू असेल त्याने सुरू होते आणि मग तिथे थांबते. मधल्या काळातली वाढ वाया जात नाही. तेव्हा आत्ता एकच काम करा: ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून स्वतःचा स्टेट पेन्शन फोरकास्ट, म्हणजे किती पेन्शन मिळेल याचा अंदाज, काढा, पत्नीचाही वेगळा काढा. पूर्ण पेन्शनला साधारण ३५ वर्षांची नॅशनल इन्शुरन्स (तिकडची सामाजिक सुरक्षेची) वर्गणी लागते, आणि किमान दहा वर्षं नसतील तर काहीच मिळत नाही. कंपनीची पेन्शन २०१६ च्या आधीपासूनची असेल तर तुम्ही काही वर्षं ‘काँट्रॅक्टेड आउट’ (कंपनीच्या पेन्शनमुळे सरकारला कमी वर्गणी भरणारे) असण्याची शक्यता आहे, मग ३५ चा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून आधी फोरकास्ट, मग पैसे. वर्षं कमी पडत असतील तर स्वेच्छेने भरता येतात. या स्वेच्छेच्या वर्गणीचा, म्हणजे तिसऱ्या वर्गाचा, २०२५-२६ चा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड होता. एका वर्षाच्या वर्गणीने पेन्शन आठवड्याला साडेसहा पौंडांनी वाढते, म्हणजे तीन वर्षांच्या आत वसूल. परदेशातून स्वस्तात भरायचा दुसऱ्या वर्गाचा मार्ग एप्रिल २०२६ पासून बंद आहे. जुन्या लेखांत तो अजून दिसेल, त्यावर विसंबू नका.

गोठण्याचा हा नियम फक्त स्टेट पेन्शनला आहे. पत्नीची काउन्सिलची पेन्शन भारतात राहूनही महागाईप्रमाणे वाढत राहते. तुमच्या कंपनीचं काय ते त्यांच्या नियमावलीत असतं. ते पत्र लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता कर. सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा जातात ते इथे.

भारतात परतलेल्या माणसाला पहिली दोन, काही वेळा तीन आर्थिक वर्षं ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्य निवासी नाही) हा करदर्जा मिळतो. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, तर तो मिळतो, तुम्ही असणारच. या काळात परदेशात मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर इथे कर नाही. पण ‘परदेशात मिळालेल्या’ हे महत्त्वाचं आहे. तीच पेन्शन थेट सांगलीच्या बँकेत जमा झाली तर ती भारतात मिळाली असं धरतात आणि कर लागतो. तिकडच्या खात्यात जमा होऊन नंतर तुम्ही ती इकडे आणलीत, तर लागत नाही. पेन्शन थेट भारतीय खात्यात रुपयांत पाठवायची सोय आहे आणि ती सोयीची वाटते, पण निदान ही पहिली वर्षं तरी ब्रिटिश खात्यातच येऊ द्या. खासगी पेन्शनमधली २५ टक्के एकरकमी रक्कम काढायची असेल तर तीही निघण्याआधी, तिकडचे करनिवासी असतानाच काढा.

आरएनओआर संपल्यावर जगभरचं उत्पन्न भारतात दाखवावं लागतं. ब्रिटन-भारत दुहेरी कर करार १९९३ चा आहे. त्यानुसार तुमची कंपनीची पेन्शन आणि स्टेट पेन्शन यांवर कर घेण्याचा हक्क भारताचा. पत्नीची काउन्सिलची पेन्शन मात्र सरकारी सेवेच्या वेगळ्या कलमात येते, आणि त्या भारतीय नागरिक नसल्याने तिच्यावरचा कर ब्रिटनलाच. एका घरात दोन पेन्शनी आणि दोन वेगळे नियम! सीए असा निवडा ज्याने हा करार आधी हाताळलाय. कंपनीच्या पेन्शनवर तिकडे कर कापला जाऊ नये म्हणून भारतातून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (करनिवासाचा दाखला) घेऊन एचएमआरसीकडे, म्हणजे तिकडच्या करखात्याकडे, अर्ज करावा लागतो, त्याला वेळ लागतो. तोवर कापलेला कर परत मागता येतो, कागद जपून ठेवा. ब्रिटिश नागरिक म्हणून १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा तिकडे आपल्याला मिळत राहते, हेही लक्षात असू द्या. निघताना पी-८५ फॉर्म भरा, म्हणजे तुम्ही देश सोडल्याची नोंद होते.

तिकडची आयसा खाती (करमुक्त बचतीची) ठेवता येतात, नवीन पैसे भरता येत नाहीत. तिकडे त्याच्या व्याजावर कर नाही, इथे आरएनओआर संपल्यावर आहे. आणि तेव्हापासून परदेशातलं प्रत्येक खातं प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये (परदेशी मालमत्तेच्या यादीत) दाखवावंच लागतं, त्यात रक्कम किती का असेना. हे लपत नाही: दोन्ही देश खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप एकमेकांना देतात. लपवल्याचा दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो.

बँकेकडे येते. निघण्याच्या सहा महिने आधी तुमच्या बँकेला सरळ विचारा: भारतात कायम राहणाऱ्या ग्राहकाचं खातं ठेवता का? काही ठेवतात, काही नाही, काही आंतरराष्ट्रीय शाखेकडे पाठवतात आणि तिथे किमान शिल्लक मोठी असते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला इथे आल्यावर खातं बंद करण्याचं पत्र आलं आणि पेन्शन दुसरीकडे वळवायला फार धावपळ झाली, तीही सत्तरीच्या पुढे. म्हणून दोन वेगळ्या बँकांत खाती असू द्या आणि दोन्ही संयुक्त असू द्या. मुलीचा किंवा भाच्याचा तिकडचा पत्ता स्वतःचा म्हणून देऊ नका. खरा पत्ता द्या.

ब्रिटिश मोबाईल नंबर सोडू नका. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. प्रीपेडवर बदलून घ्या आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे मधूनमधून एखादा मेसेज पाठवा, नाहीतर नंबर रद्द होतो. फोनच्या ॲप स्टोअरचा देशही ब्रिटनच ठेवा. भारत केलात तर काही बँकांची ॲप्स मिळेनाशी होतात, आणि ते कळतं नेमकं फोन बदलल्यावर.

इथल्या बाजूला पॅन आणि आधार हवेत. ओसीआयधारकाला १८२ दिवस राहिल्यावर आधार काढता येतं. तुमची एनआरई-एनआरओ खाती (अनिवासींसाठीची) परतल्यावर निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. पौंड पौंडांतच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं (निवासींसाठीचं परकीय चलनातलं) उघडा. शाखेतल्या नवीन मुलांना ते माहीत नसतं, तेव्हा परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेत जा. आणि तिकडची सगळी बचत इकडे आणलीच पाहिजे असं नाही. अनिवासी असताना कमावलेलं परदेशात ठेवायला ‘फेमा’ या परकीय चलनाच्या कायद्याची मुभा आहे.

नावाचं सांगते, कारण आपल्या मराठी माणसांचं हमखास इथे अडतं. तिकडे माझं नाव फक्त नाव-आडनाव, पॅनवर मधे नवऱ्याचं नाव. पैसे पाठवताना आणि घेताना दोन्ही बँकांना ती दोन माणसं वाटतात. निघण्याआधीच पासपोर्ट, ओसीआय, पॅन आणि दोन्ही देशांतली बँकखाती एकाच नावावर आणा. जमत नसेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

आणि हयातीचा दाखला. इथले पेन्शनर नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन किंवा मोबाईलवर चेहरा दाखवून मोकळे होतात. आपला दाखला कागदावर असतो आणि टपालाने येतो. मिळाल्यावर १६ आठवड्यांत भरून परत पाठवला नाही तर पेन्शन थांबवतात. अडचण टपालाची आहे. लिफाफा साधा असतो, त्यावर कुठली नोंद नाही, आणि आपला पत्ता त्यांच्या फॉर्मच्या चौकटींत मावत नाही. माझ्या पत्त्यातलं ‘मारुती मंदिराच्या मागे’ गळून गेलं होतं. मी इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला (परदेशातल्यांची स्टेट पेन्शन बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी कार्यालयाला) फोन करून पत्ता लहान करून घेतला: फ्लॅट, सोसायटी, रस्ता, नाशिक, पिनकोड, आणि मोबाईल नंबर पत्त्याच्याच ओळीत. आमच्या पोस्टमनदादांनाही सांगून ठेवलंय. साक्षीदार म्हणून कोणाची सही चालते ते फॉर्ममध्येच दिलेलं असतं. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाते. त्यांच्यासमोर सही करते, ते शिक्का मारतात, तारीख दोघांची एकच आहे ना ते तिथेच बघते, फोटो काढते आणि त्याच दिवशी स्पीड पोस्ट करून पावती फाईलला लावते. सही पासपोर्टवर आहे तशीच करा. बरेच महिने काही आलं नाही तर वाट बघत बसू नका, स्वतः फोन करा. पेन्शन मागायचा अर्जही तुम्हालाच चार महिने आधी करायचा आहे. परदेशी पत्त्यावर आठवणीचं पत्र येईल यावर राहू नका.

दोघांपैकी एकाची तब्येत बिघडली तर काय, हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. भारतातलं मुखत्यारपत्र तिकडची बँक सहसा मानत नाही, आणि माणसाला भान उरलं नाही की ते इथेही संपतं. ब्रिटनचं लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी (भान गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र) तिकडे असतानाच करून नोंदवून घ्या. पत्नीला तुमच्या प्रत्येक खात्याचा, प्रत्येक पेन्शनचा संदर्भ क्रमांक माहीत असू द्या, आणि तुम्हाला त्यांचे. कुणी गेलं तर पेन्शन सेंटरला लगेच कळवावं लागतं, नाहीतर जास्तीचे पैसे नंतर परत मागतात.

तिकडे मुलांकडे जाऊन राहाल तेव्हा, तेवढ्या आठवड्यांपुरता स्टेट पेन्शनचा वाढीव दर मागता येतो. हे ते आपणहून सांगत नाहीत. पोचल्यावर कळवा. कायमचं परत गेलात तर पूर्ण चालू दर मिळतो.

शेवटची विनंती. जानेवारी २०२४ पासून परदेशातल्या ब्रिटिश नागरिकांना आयुष्यभर मतदान करता येतं. आधीची १५ वर्षांची अट गेली. कोव्हेंट्रीतल्या शेवटच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवा, आणि तिथल्या खासदाराला गोठलेल्या पेन्शनबद्दल पत्र लिहा. मी लेस्टरला लिहिते. त्यांच्या कार्यालयाकडून उत्तर येतं, आणि मतदार म्हणून नोंद आहे का हे ते आधी तपासतात. तेव्हा तिकडच्या घराची काउन्सिल टॅक्सची बिलं फेकू नका, पत्त्याचा पुरावा म्हणून लागतील.